चिठ्ठीताईंचा पासवर्ड

"पासवर्ड सांगा, ताई. शीटवर लिहून घेतो, म्हणजे मोकळे आपण," ट्रेनिंगचे सर म्हणाले.

आठ जणांनी आपापले पासवर्ड धडाधड सांगून टाकले होते. कॅशियरने तर उभं राहून, एकेक अक्षर सुटं करून सांगितला होता. नववा नंबर ताईंचा, आणि ताईंना स्वतःचा पासवर्ड काही केल्या आठवत नव्हता.

सव्वीस वर्षं ताईंनी ऑफिसची रेकॉर्ड रूम सांभाळली होती. कुठलीही फाइल मागा, मिनिटात हजर. लोक म्हणायचे, काय ही स्मरणशक्ती! स्मरणशक्ती कसली डोंबलाची. ताई सगळं चिठ्ठ्यांवर लिहून ठेवायच्या. कपाटांवर चिठ्ठ्या, खणात चिठ्ठ्या, पर्समध्ये चिठ्ठ्या. त्यांचं नावच चिठ्ठीताई पडलं होतं.

आता फाइली कॉम्प्युटरवर गेल्या होत्या आणि महिनाअखेरीला रेकॉर्ड रूमला कुलूप लागणार होतं. पाच दिवसांच्या या ट्रेनिंगमध्ये जो पहिला येईल, तो ऑफिसचा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर होणार होता. नाहीतर ताईंची बदली शहराबाहेरच्या गोदामात. जायला दोन तास, यायला दोन तास. ताईंचं घर ऑफिसच्या मागच्याच गल्लीत होतं, आणि घरात नवरा दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेला होता. रोज दुपारच्या सुट्टीत जाऊन त्या त्याला चार घास भरवून यायच्या. गोदामातून कोण येणार होतं भरवायला?

म्हणून पाच दिवस त्यांनी जिवाचं रान केलं होतं. नवीन खातं उघडणं, बंद करणं, कुणाला कुठलं फोल्डर उघडू द्यायचं ते ठरवणं. "म्हणजे कुठल्या कपाटाची किल्ली कुणाकडे, एवढंच की!" असं त्या म्हणाल्या, तेव्हा सरही बघत राहिले. कॅशियरला हेच समजायला दोन दिवस लागले होते.

आज परीक्षा होती. ऑफिसच्या नव्या मोठ्या मशीनवर प्रत्येकाने सकाळी स्वतःचं अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं खातं उघडायचं होतं. पासवर्ड बारा अक्षरांहून मोठा हवा. त्यात नवऱ्याचं, पोराबाळांचं नाव नको. "आणि कुठे कागदावर लिहिलेला सापडला, तर तिथल्या तिथे नापास," सरांनी बजावलं होतं. ताईंनी डोकं लढवून चांगला भक्कम पासवर्ड रचला. जुन्या फाइलींचे दोन नंबर, मध्ये कपाटाचा क्रमांक, पुढेमागे कसली कसली चिन्हं. आणि सव्वीस वर्षांची सवय! हाताने गुपचूप चिठ्ठी लिहिलीसुद्धा. तेवढ्यात सर एकेक कीबोर्ड उचलून त्याखाली चिठ्ठी आहे का बघत बघत त्यांच्याच रांगेत शिरले. ताईंनी चिठ्ठीचा बोळा केला, तोंडात टाकला आणि चहाच्या घोटाबरोबर गिळून टाकला.

दुपारी घरी गेल्या, तर नवरा तोंड उघडेना. त्याची मनधरणी करण्यात अर्धा तास गेला. परत येऊन खुर्चीत बसल्या तेव्हा डोक्यात पासवर्डाचा मागमूस नव्हता.

"ताई?" सरांनी पेन उघडं धरलं होतं.

विसरले म्हणावं का? पहिल्याच दिवशी सरांनी सांगितलं होतं, विसरलात तर लाजायचं नाही, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरकडे जायचं, तो नवा देतो. पण इथे जी स्वतः अ‍ॅडमिनिस्ट्रेटर व्हायला निघाली होती, तिनेच विसरावं? शेजारी कॅशियर गालातल्या गालात हसत होता. ते हसू बघून ताईंचं डोकं फिरलं. साहेबांच्या सहीशिवाय फाइल मागायला येणाऱ्यांना ज्या आवाजात त्या वाटेला लावायच्या, तोच आवाज त्यांनी लावला.

"नाही सांगणार. पासवर्ड कुणालाच सांगायचा नसतो. तुम्हालाही नाही."

"मी परीक्षक आहे, ताई. नापास करीन."

"करा!" ताई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आता गोदाम काही टळत नव्हतं.

सरांनी पेनाला टोपण लावलं आणि एकदम टाळ्या वाजवायला सुरुवात केली. "शीटबिट काही नाही. हीच परीक्षा होती! आठच्या आठ नापास. एकट्या ताई पास."

कॅशियरचा चेहरा पडला. मोठ्या साहेबांना बोलावणं गेलं. ते पुष्पगुच्छ घेऊनच आले. ताईंना रडू आवरेना. आता नवऱ्याला दुपारचा घास वेळेवर मिळणार होता. या आनंदात मघाची धाकधूक त्या पार विसरून गेल्या.

साहेबांच्या देखत सरांनी नापास झालेल्यांची आठही खाती पुसून टाकली. मग स्वतःचंही बंद केलं. "काम संपलं की बाहेरच्या माणसाचं खातं मागे ठेवायचं नसतं," ते म्हणाले. "आता या मशीनवर चालणार फक्त ताईंचं." आणि बॅग उचलून ते स्टेशनकडे निघालेसुद्धा.

"बसा, ताई," साहेबांनी मोठ्या कौतुकाने खुर्ची पुढे ओढली. "सगळ्यांची खाती उघडून द्या. उद्यापासून काम सुरू."

सगळं ऑफिस भोवती जमलं. ताईंनी पदर खोचला आणि सुचेल ते टाइप केलं. पडद्यावर लाल ओळ आली. दुसऱ्यांदा टाइप केलं. पुन्हा लाल ओळ. तिसऱ्यांदा मात्र काहीतरी वेगळं उमटलं.

"काय म्हणतंय?" साहेबांनी चष्मा चाचपत विचारलं. "जरा मोठ्याने वाचा बघू."

ताईंनी पुष्पगुच्छ बाजूला ठेवला आणि वाचलं, "पासवर्ड विसरलात? कृपया आपल्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा."