मतलई वारा

शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत मी सगळ्यांच्या पुढे होते. सुकाणू जड लागलं म्हणून वाकून पाहिलं, तर फाटक्या जाळ्यात गुरफटलेलं मेलेलं कासव. शर्यत तिथेच सोडली. तेव्हापासून दर रविवारी होडी घेऊन निघते आणि समुद्रातला कचरा गोळा करते. क्लबमधल्या प्रत्येकाला म्हणून झालं, "अहो, एकदा तरी चला माझ्याबरोबर." कुणाला सराव असतो, कुणाची पाठ धरलेली असते. आता विचारायचंही सोडलंय.

यंदा त्याच क्लबने माझा सत्कार केला. भाषणं झाली, टाळ्या झाल्या आणि दिवस मावळल्यावर धक्क्यावरून शेकडो फुगे आकाशात सोडले. सगळे माना वर करून बघत राहिले. मी मात्र जुन्या सवयीने क्लबच्या झेंड्याकडे पाहिलं. वारा फिरला होता. जमिनीवरून थेट समुद्राकडे.

माझे डोळे भरून आले. सेक्रेटरींनी पाठ थोपटली. "अहो ताई, रडताय काय! एवढा मान तर तुमच्या हक्काचाच आहे."

सकाळी धक्क्यावर चिटपाखरू नव्हतं. मी होडी काढली. पार दीपगृहाच्या पुढपर्यंत सुरकुतलेले फुगे लाटांवर हलत होते. दुपार कलेपर्यंत मी जाळीने एकेक ओढून होडीत टाकत होते.

प्रत्येकावर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'ताई, आम्ही सगळे तुमच्यासोबत आहोत!'