बॅगेत काय होतं?

तिचा धाकटा भाऊ निवडणुकीला उभा होता. तिच्या नवऱ्याच्या हातात त्याने काळी बॅग दिल्याचा फोटो वाहिन्यांवर झळकला आणि रोजची चर्चा एकाच प्रश्नावर अडली: बॅगेत काय होतं? "ताई, तू सांग त्यांना," भावाने गळ घातली. आई गेल्यावर त्याने आईचे स्वेटर त्या बॅगेतून ताईकडे पाठवले होते. ताईनेच ते कपाटात लावले होते. दारात जमलेल्या वार्ताहरांना तिने तसं सांगितलं. "बॅग तुमच्यासमोर भरली?" एकीने शांतपणे विचारलं. "नाही," ती म्हणाली, कारण तेच खरं होतं. संध्याकाळी पडद्यावर पट्टी फिरली: बहिणीलाही खात्री नाही. भावाचा फोन आला. "ताई, असं कसं बोललीस?" समजूत घालायला गेली आणि तोंडातून भलतंच निघालं. "बंड्या, फक्त स्वेटरच होते ना रे?" पलीकडून त्याने फोन ठेवला. दुखावला की सापडला, तिला कळेना.