चढा सूर

आत ओकेरेकेच्या प्रेताला न्हाऊ घालून झालं होतं. बाहेर अंगणात त्याची बायको उलोमा चटईवर बसली होती आणि आपापल्या सासरहून आलेल्या नणंदा तिला वेढून बसल्या होत्या. पहिला हंबरडा बायकोने फोडायचा, मग घराच्या लेकींनी, मग गावाने. आणि न रडणाऱ्या बायकोनेच नवऱ्याला खाल्लं, असं या लेकी धरून चालतात. उलोमाचा हंबरडा काही फुटत नव्हता.

तिला काहीच वाटत नव्हतं. पुढे पसरलेले पायसुद्धा आपले वाटत नव्हते.

"वहिनी, गळा काय शेजारणीकडे ठेवून आलीस?" थोरली नणंद उरेडिया म्हणाली.

गळा गेल्या वर्षीच गेला होता. एनुगू शहरातल्या इस्पितळात गलगंड काढताना एक नस दुखावली. डॉक्टरने बोटाने दाखवलं होतं, कंठमण्याच्या खाली इथे एवढासा स्नायू असतो, तो आवळला की स्वरतंतू ताणले जातात आणि आवाज वर चढतो. तुमचा आता आवळत नाही. जेवाल, बोलाल, पण आवाज चढणार नाही.

"देव पावला म्हणायचा!" ओकेरेके म्हणाला होता आणि घरी येईपर्यंत हसत होता.

उलोमाने छाती भरून श्वास घेतला. नुसती घोगरी हवा बाहेर आली. निदान रडायचंय असं सांगावं तरी, म्हणून ती कशीबशी म्हणाली, "अक्वा."

तिच्या भाषेत हा शब्द चढ्या सुरात म्हटला तर रडणं. खालच्या सुरात म्हटला तर खाट. तिचा सूर खालीच राहिला.

विधवेने सुतक फिटेपर्यंत जमिनीलाच पाठ टेकायची असते.

"खाट?" उरेडिया ताडकन उठली. "ऐकलंत का गं? भाऊ अजून मातीत गेला नाही आणि हिला खाट हवी!"

उलोमाने जोरजोरात मान हलवली. सगळा जीव घशात आणून पुन्हा म्हणाली, "अक्वा. अक्वा."

"द्या गं तिला! बघू दे गावाला."

दोघींनी आतून उलोमाची खाट आणून तिच्यासमोर आदळली. मग उरेडियाने स्वतःच हंबरडा फोडला. तो असा चढला की भिंतीवरच्या कोंबड्या उडाल्या, पाठोपाठ सगळ्या रडू लागल्या. उलोमा खाटेच्या पायाशी बसून ऐकत राहिली. ओकेरेकेसाठी शेवटी कुणीतरी रडलं, एवढंच तिला कळलं.