आबांसमोरचा रियाज

हौसेरावांनी पाण्याचा तांब्या भिंतीवर हाणला, तरी मोनाली थांबली नाही. त्यांच्या खाटेसमोर मांडी घालून ती पुन्हा गुरगुरली.

"अगं, बाल्कनीत जाऊन कर की!" शकुबाई करवादली. "त्यांच्या छाताडावर बसून कशाला?"

"सोसायटीवाले बोंबलतात, आई. आणि रविवारी रॉक बँडसाठी गाणाऱ्यांची निवड हाय, तिथं असंच गुरगुरत गातात."

पोर निर्दय झाली होती, दुसरं काय! हौसेराव एपीएमसीच्या कांदा मार्केटात माथाडी टोळीचे मुकादम. त्यांनी हाक दिली की टोळी ट्रकला भिडायची. घशाच्या ऑपरेशनमध्ये एक स्वरतंतू गेला आणि तोंडातून नुसती हवा यायला लागली. आवाज आला तरच मुकादमकी परत मिळणार होती. डॉक्टरांनी व्यायाम सांगितले, पण लहान मुलासारखं 'आ-ऊ' करायची त्यांना लाज वाटली. घशाचा विषय काढला की ते ताट भिरकावत.

आणि अशा माणसासमोर ही रोज गळा फाडत होती.

"महाप्याला मला गाणं शिकवतात ते तेजस सर सांगतात," मोनाली मोठ्याने म्हणाली, "स्वरतंतू सैल सोडायचे. त्यांच्या वर दोन पडदे असतात, ते आवळायचे. जड गोणी उचलताना आवळतात ना, तसे. मग पोटातून हवा."

"मला काय करायचंय ते!" शकुबाई म्हणाली.

हौसेरावांचे ओठ हलले. फुसफुस झाली.

"काय म्हणालात, आबा? ऐकू नाय आलं." मोनाली उभी राहिली. "टोळीला तरी कसं ऐकू जाणार म्हणा!"

शकुबाईने तिच्यावर हात उगारला. पण त्याआधी हौसेराव उठले. चेहरा लालबुंद. गोणीखाली शिरावं तसे ते कमरेत वाकले, पोट आत गेलं.

"बंद कर!"

आवाज जाडाभरडा, खरखरीत होता आणि थेट जिन्यापर्यंत गेला. शकुबाईच्या हातातली पळी पडली. कोण बोललं ते बघायला हौसेरावांनी स्वतःच मागे वळून पाहिलं.

मोनाली बाल्कनीत पळाली. डोळे पुसत तिने फोन लावला.

"सर, ओरडले."

"तुझ्यावर?" तेजसने विचारलं.

"माझ्यावरच. तुम्ही म्हणाला होतात तसंच. वरच्या पडद्यांतून."

"मस्त. आता त्यांना न चिडता बोलायला शिकव."