अस्सल कागद

तापीबाईने कागद टेबलावर ठेवला, पण त्यावरचा हात काही उचलला नाही. रेकॉर्ड रूमचा कारकून भाग्येश थांबला. घाई केली तर म्हातारी कागदासकट उठून जाईल, हे त्याला ठाऊक होतं.

कागद पन्नास वर्षांचा होता. गोमाई नदीकाठची तिच्या सासऱ्याची चार एकर जमीन पाच वर्षांसाठी खंडाने घेतली आहे, मुदत संपताच परत करीन, असं हेमकांतशेठच्या आजोबांनी त्यावर सही करून लिहून दिलं होतं. पाच वर्षं संपली, आजोबा संपले, तापीबाईचा सासरा आणि नवराही गेला. जमीन मात्र शेठकडेच राहिली, आणि तिच्यात आता केळी उभी होती. ती परत मिळावी म्हणून तापीबाईने दावा लावला होता. दावा ऐकणाऱ्या साहेबांना सही पडताळायची होती, म्हणून अस्सल कागद सुनावणीआधी कचेरीत जमा करायचा होता. तो गेला की दावाही गेला.

"आठे आग लागनी तं?" तिने विचारलं.

भाग्येश हसला नाही. तो तिला आतल्या खोलीत घेऊन गेला आणि वर बोट दाखवलं. नव्या इमारतीच्या छताखालून लाल नळ्या गेल्या होत्या. थोड्या थोड्या अंतरावर पितळी तोट्या होत्या आणि प्रत्येक तोटीच्या तोंडाशी काचेची इवलीशी लाल कुपी. खाली आग लागली की ती कुपी तापून फुटते आणि फवारा सुरू होतो, बटण दाबावं लागत नाही, असं त्याने समजावून सांगितलं.

"माणूस नई ऱ्हायना तरी पानी पडस, मावशी," तो म्हणाला. "अन् जठे आग, तठेच पडस. बाकी कागदले थेंब नई."

तापीबाई मान वर करून बघत राहिली. एवढ्याशा काचेवर चार एकरांचा भरवसा ठेवायचा म्हणजे कमालच होती. पण पोरगा गुणी होता. त्याने चहा मागवला, पायऱ्यांवर हात धरला, शिक्का मारून पोचही दिली. कचेऱ्यांचे उंबरे झिजवून ती म्हातारी झाली होती, पण इतक्या मायेने तिला कोणी वागवलं नव्हतं. तिने हात उचलला.

सुनावणीला नऊ दिवस राहिले असताना, भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत रेकॉर्ड रूममध्ये आग लागली.

घंटा वाजली तशी मंडळी डबे टाकून धावली. भाग्येश आधीच आत होता, नखशिखांत भिजलेला. त्याचा उजवा तळवा भाजला होता आणि छातीशी त्याने एक जळकी फाईल धरली होती. एवढ्या आगीत कोण कोणासाठी हात घालतो? साहेबांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली.

फवाऱ्याने चोख काम केलं होतं. तिसऱ्या मांडणीवरची एकच कुपी फुटली, पाणी तेवढ्याच जागेत पडलं, बाकी हजारो फायली कोरड्या ठाक राहिल्या. सुरतेहून आलेल्या मिस्तरीने नवी तोटी बसवली आणि मांडणीच्या वरखाली नजर टाकली. तिथे वायर नव्हती. पण अहवालात काहीतरी कारण लिहायलाच हवं, म्हणून शॉर्ट सर्किट लिहिलं गेलं. जळाली ती फाईल तापीबाईची. कागदाचा जो अर्धा भाग आगीतून उरला, त्याचा पाण्याने लगदा झाला.

दुसऱ्या दिवशी निरोप मिळताच ती आली. भाग्येश तिच्यापुढे मान खाली घालून उभा राहिला. घडलं ते त्याने सांगितलं आणि सांगता सांगता त्याचे डोळे भरून आले.

तापीबाई रडली नाही. तिने ऊरही बडवला नाही. ती त्याच्या हाताच्या पट्टीकडे बघत राहिली, आणि मग तिला स्वतःचीच फार लाज वाटली.

"रडू नको, भाऊ," ती म्हणाली. "मी तुले खोटं सांगं."

शहाद्याच्या बाजारात तिने त्या कागदाची रंगीत झेरॉक्स काढली होती. आठ दिवस चुलीवरच्या धुरात टांगली, घड्या घालून चोळली, आणि तीच इथे जमा केली. जन्मात हाताशी असलेला एकुलता एक कागद दुसऱ्याच्या स्वाधीन करायला जीव धजला नव्हता. सुनावणीच्या दिवशी अस्सल घेऊन यायचं, असं तिने मनाशी ठरवलं होतं. पण मावशी म्हणणाऱ्या पोराला आपण फसवलं, आणि त्या खोट्या कागदापायी त्याचा हात भाजला, हे तिला सोसवेना.

"अस्सल घरमा शे," ती हळूच म्हणाली. "पत्रानी पेटीमा. नात ती पेटी उशाले लिसन निजस."

भाग्येशने डोळे पुसले. हे आणखी कोणाला ठाऊक आहे का, असं त्याने विचारलं. कोणालाच नाही, ती म्हणाली. नकलेचं साहेबांना कळलं तर ते चिडतील, तेव्हा तोंडातून शब्द काढू नको, कागद सुनावणीलाच आण आणि तोवर घरातून हलवू नको, असं त्याने तिला बजावलं. तिने सगळं मान्य केलं. तिच्या डोक्यावरचा भार उतरला होता.

तो तिला फाटकापर्यंत सोडायला गेला, रिक्षात बसवलं. तिने त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

रिक्षा वळणाआड गेल्यावर भाग्येशने डाव्या हाताने फोन लावला.

"हेमकांतशेठ, जळनी ती नक्कल व्हती," तो म्हणाला. "अस्सल म्हातारीना घर शे. अन् तठे फवारा नई."