मिसरातली सुकडी

"तुमी इस्वास ठेवणार न्हाई, पण दरड पडली त्या दिवशी मी मिसर देशात, पिरमिडांच्या मुलखात होतो," महादेवप्पा म्हणाले.

"खोट्याला बी हद्द असती, अप्पा," चहावाला मलप्पा हसला. निलंग्याच्या स्टँडवर लातूरची एसटी यायची होती. बाकावरचे लोक सरकून बसले.

समोर बेगमबी भरपाईचा अर्ज घेऊन उभी होती. दहा वर्षांमागं, बहात्तरच्या दुष्काळात, सरकारी कामावर तळं खोदताना तिचा नवरा खाजा दरडीखाली गेला. हजेरीपटावर मात्र त्या दिवशी तो गैरहजर. दरड खालून कुणी पोखरायला लावली, हे कुणी बोलत नसे. आता लातूर जिल्हा झाला. नव्या कचेरीनं सांगितलं, तो हजर होता अशी मुकादमाची साक्ष आण. मुकादम महादेवप्पाच होते.

"काम अर्ध्यावर सोडून गेलतो मी, बेगमबी. काय साक्ष देऊ? तिथं थडगी उकरणाऱ्या साहेबापाशी होतो. दगडावरची भाषा शिकलो."

"मग बोला की!" मलप्पा म्हणाला.

"आंख म्हंजी जगणं. म्होरं स लावला की सांख, जगवणं. मागं फ जोडला, सांखफ, तो जगवतो. फच्या जागी ई जोडली की मी जगवतो. मूर्ती घडवणाऱ्याला तिथं जगवणाराच म्हणत."

"आन पडणं?" बेगमबीनं विचारलं.

"खेर."

"पाडणं?"

"सखेर." महादेवप्पांनी चहा बशीत ओतला. थोडा सांडला. मग घाईनं म्हणाले, "ऊन लई. दगडावर भाकर भाजावी असं. पण साहेब दिलदार गडी. दुपारी शिट्टी झाली की रांगेत बसवायचा. हजर असल त्याला ओंजळभर सुकडी, गोड पिठाची भुकटी. गैरहजर असल त्याला दाणा न्हाई. नियम म्हंजी नियम!"

बाक हसला. बेगमबी हसली नाही. तिनं अर्जाची घडी घातली.

"मिसरात सुकडी कुठली, अप्पा? ती दुष्काळात आपल्या तळ्यावर मिळायची. तुमीच वाटायचात, हजर असल त्यालाच." तिचा आवाज चढला नाही. "दरड पडली त्या सांजेला खाजाच्या वाट्याची सुकडी तुमच्याच हातानं माझ्या ओढणीत बांधलीत."