गिअरचा गोंडा

बोल्ट सुटला आणि ट्रॅक्टरच्या पोटातलं तेल खालच्या घमेल्यात पडू लागलं. देवचंद आडवा होऊन बघत होता. वापरलेलं तेल काळं पडतं. हे काळं नव्हतं. दूध घातलेल्या चहासारखं होतं. त्याने फिल्टर काढला, तर जाळीवर लोण्यासारखा गिळगिळीत थर.

तेलात पाणी शिरलं होतं. गिअर आणि नांगर उचलणारी लिफ्ट, दोन्ही याच तेलावर चालत. लिफ्ट आठवडाभर तापकऱ्यासारखी का थरथरत होती, ते आता कळलं.

शेजारचा झुलाल बांधावरून बिडी ओढत आला. घमेल्यात डोकावला.

"रूपचंदना ट्रॅक्टरमाईन बी आसंच निंघनं व्हतं," तो म्हणाला.

पुढचं सांगायची गरजच नव्हती. रूपचंद चोरून तापीतली रेती काढायचा. त्याचा ट्रॅक्टर नदीत अर्धा बुडाला आणि गिअरबॉक्सचं वाटोळं झालं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

देवचंदने मान वळवली. पलीकडे त्याचा दोस्त आणि ट्रॅक्टरमधला भागीदार गुलाब धुळ्याहून आणलेल्या नव्या तेलाच्या डब्याचं झाकण उघडत होता.

पपईच्या दोन ओळींमधून जाईल एवढासा तो ट्रॅक्टर. ब्याण्णव साली दोघांनी मिळून घेतला होता. घरं दोन, किल्ली एक. बाजाराच्या दिवशी ती या घरातून त्या घरात जायची. भाऊबंद म्हणायचे, भागीत म्हैसही धड दूध देत नाही, हे तर इंजिन. दोघांनी त्यांना खोटं पाडलं. अट एकच घातली होती. काही झालं तरी ट्रॅक्टर तापीत उतरवायचा नाही.

देवचंदचा तर ट्रॅक्टरवर जीव. त्याची पाळी आली की विहिरीच्या मोटारीला पाइप लावून तो त्याला बैलासारखी आंघोळ घालायचा, सीटपासून चाकापर्यंत. गुलाब हसायचा. "देवा, साबन बी लाव. नही ते खाज सुटी त्याले." एवढं बोलून सारंगखेड्याच्या यात्रेतून त्यानेच लाल लोकरीचा गोंडा आणला आणि गिअरच्या दांड्याच्या बुडाशी घट्ट बांधला. बैल म्हटला की गोंडा हवाच.

आणि आठवड्यापूर्वी आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, अख्खं गाव कामाला हात लावत नाही त्या दिवशी, गुलाब बहिणीला पोचवायला ट्रॅक्टर घेऊन तापीकाठच्या गावी गेला होता. कुणीतरी देवचंदच्या कानाशी लागलं होतं, तुमचा ट्रॅक्टर नदीवर दिसला. देवचंदने त्यालाच झापलं होतं. आता ते शब्द आठवून त्याचे कान तापले.

"गुलाब, तू ट्रॅक्टर तापीमा उतारा व्हता."

गुलाबला आधी ती थट्टाच वाटली. मग त्याने घमेलं पाहिलं.

"नही रे. काठवर उभा करा व्हता. पानीमा चाकबी नही गयं."

"मंग हाई पानी कोठून ऊनं?"

"माले काय माहीत?"

"तुले नही ते कोनले माहीत? घे मंग तापीमायनी आण. झुलालभाऊना समोर घे."

झुलालने बिडी विझवली. गुलाबने बंडीच्या खिशातून किल्ली काढली आणि तेलाच्या डब्यावर ठेवली.

"आण घेवाना टाइम ऊना, म्हंजे दोस्ती सरनी, देवा."

तो गेला. मागे वळून पाहिलं नाही. झुलालही लगबगीने गावाकडे निघाला. एवढी बातमी पोटात घेऊन तो थोडाच घरी बसणार होता!

देवचंदने एकट्यानेच नवा फिल्टर बसवला, बोल्ट आवळला, सगळं नवं तेल ओतलं. परक्याने फसवलं असतं तर शिव्या देऊन मोकळा झाला असता. पण हा गुलाब. याच्याच ताटात जेवलो, याच्याच भरवशावर झोपलो, आणि यानेच केसाने गळा कापला. त्याला रडू येत होतं आणि रडू येतंय याचाच राग येत होता.

समोर तो लाल गोंडा दिसला. देवचंदने तो ओरबाडून काढला आणि घमेल्यातल्या घाण तेलात फेकला.

बायको पार्वताबाई भाकरी घेऊन आली. "झुलालभाऊ बठ्ठा गावले सांगी राहिना," ती म्हणाली. "लोके गुलाबभाऊले रेतीचोर म्हनी राहिनात. बरं व्हयनं, येळवर समजनं."

देवचंदने भाकरीला हात लावला नाही. त्याने मोटार सुरू केली आणि पाइप ओढत आणला. गुलाबचा हात लागलेली प्रत्येक जागा त्याला धुऊन काढायची होती. बॉनेट धुतलं, सीट धुतली. मग पाण्याची धार गिअरच्या दांड्यावर धरली.

पाणी खाली सांडेना.

तो वाकला. दांड्याच्या बुडाशी रबराची टोपी असते, ती एका बाजूने उभी फाटली होती. इतके दिवस गोंड्याखाली झाकलेली. पाणी तिच्याभोवती गोल फिरत होतं आणि त्या फटीतून गुळगुळ आवाज करत आत, नव्या तेलात, उतरत होतं.

तापी तिथून चार कोस लांब होती. हे पाणी त्याच्याच विहिरीचं होतं.